न चालणाऱ्या कागदावरची सही

परवा रात्री जेवणं आटोपून टीव्हीसमोर डुलक्या काढत होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, व्हॉट्सॲपवर एक कागद पाठवलाय. बघ ना जरा. शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचीय."

भाची इंजिनियर आहे. रोज हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत जाते, तिथल्याच टेबलावर बसते, तिथल्याच साहेबाचं ऐकते, गळ्यात तिथलंच ओळखपत्र घालते. फक्त त्या ओळखपत्राच्या पट्टीचा रंग इतरांपेक्षा वेगळा, कारण पगार देणारी कंपनी दुसरीच आहे. याला 'व्हेंडरच्या पेरोलवर' असणं म्हणतात. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की नवं कॉन्ट्रॅक्ट. दिवाळीला तिथल्या कायम लोकांना बोनस मिळतो, हिला मिठाईचा डबा मिळतो.

तर या वेळच्या कागदात नवव्या पानावर एक कलम होतं. कॉन्ट्रॅक्ट संपल्यापासून २४ महिने मी व्हेंडरच्या कोणत्याही क्लायंटकडे, किंवा व्हेंडरशी स्पर्धा करणाऱ्या कोणत्याही संस्थेत, थेट किंवा आडमार्गानं काम करणार नाही, केल्यास तीन लाख रुपये भरीन. व्हेंडरचे क्लायंट किती आणि कोण, याची यादी कुठंच नाही. म्हणजे आपण कुठं जायचं नाही हेसुद्धा आपल्याला माहीत नसताना तिथं न जाण्याची शपथ घ्यायची!

वाचून माझी झोप उडाली. कलम भयंकर होतं म्हणून नव्हे, तर ते मला जवळजवळ पाठ होतं म्हणून.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत आमचे बरेच नातेवाईक आहेत. त्यांना आज एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो. २००५ साली मी सात महिने घरी होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. का होतो, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही.

तेव्हा मी माणसं पुरवणाऱ्या एका ऑफिसतर्फे भोसरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. जिग-फिक्स्चरची ड्रॉइंग्ज करायची. पगार साडेसात हजार. वर्षभरानं तिथले साहेब म्हणाले, "थेट आमच्याकडेच या, अकरा हजार देतो." मी आनंदात पुरवठादाराला सांगायला गेलो. त्यानं चहा मागवला, ड्रॉवरमधून माझी फाइल काढली आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "दोन वर्षं या लाइनमध्ये कुठंही दिसलास तर कोर्टात खेचीन." आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही. चहाही पूर्ण पिऊ दिला. कारखान्याच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुमचं आधी मिटवा, मग या."

मी मिटवू शकलो नाही. पुरवठादाराकडे परत जायची लाज वाटली आणि दुसरीकडे जायची भीती. पहिला दीड महिना मी घरून डबा घेऊन निघायचो आणि निगडीच्या वाचनालयात बसायचो. नंतर घरी सांगितलं की कंपनीत मंदी आहे. बाबा गेले तोवर त्यांची समजूत हीच होती की मला कामावरून काढलं होतं. ही भाची तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या वाढदिवसाला मी बरं नाही असं सांगून गेलो नाही. खरं कारण एवढंच की हातात काही न घेता मामानं कसं जायचं?

माझ्यावर कुणी दावा लावला नाही. साधी वकिलाची नोटीससुद्धा आली नाही. कुणाला कोर्टाची पायरी चढायची गरजच पडली नाही. त्या कागदाचं काम त्या चहाच्या कपाबरोबरच झालं होतं.

आणि तो कागद कायद्यानं शून्य होता! हे मला कळलं २०१२ साली, एका वकील मित्राशी गप्पा मारताना, सहज.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम २७ अगदी छोटं आहे. कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य, एवढंच ते सांगतं. अपवाद एकच. कुणी आपला चालता धंदा नावलौकिकासह विकला, तर विकणाऱ्यानं लगेच शेजारी तसंच दुकान थाटू नये, असं वाजवी बंधन घालता येतं. पगारदार, रोजंदार, कंत्राटी माणूस या अपवादात कुठंच बसत नाही. आम्ही काही धंदा विकलेला नसतो, आमचे दिवस विकलेले असतात.

या कलमाची कुळकथा मोठी मजेची आहे. न्यूयॉर्कचे डेव्हिड डडली फील्ड नावाचे एक कायदेपंडित होते. त्यांच्या दिवाणी संहितेच्या मसुद्यातून हे कलम आपल्याकडे आलं. तोच मसुदा कॅलिफोर्नियानंही उचलला, आणि तोही १८७२ सालीच. म्हणजे आपलं कलम आणि कॅलिफोर्नियाचं कलम ही जुळी भावंडं. धाकट्या-थोरल्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

आता कोणी म्हणेल, कलम आहे खरं, पण कोर्टं काय म्हणतात? १८७४ सालचा कलकत्त्याचा एक खटला सगळ्या वकिलांना पाठ असतो. एकाच भागात दोघांची दुकानं. एक दुसऱ्याला म्हणाला, तू दुकान बंद कर, कारागिरांना तू दिलेली उचल मी तुला भरून देतो. त्यानं दुकान बंद केलं. पैसे काही मिळाले नाहीत. तो कोर्टात गेला आणि हरला, कारण मुळात करारच शून्य! कोर्टानं सांगितलं की बंधन पूर्ण असो वा अर्धवट, कलम २७ दोन्ही मोडीत काढतं. तत्त्व सोन्यासारखं, पण त्या माणसाचं दुकान गेलं ते गेलंच. तेव्हापासूनच हे असं चालू आहे.

दुसरा खटला आपल्या कल्याणचा. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका शिफ्ट सुपरवायझरनं १९६३ साली पाच वर्षांचा करार केला आणि पुढच्याच वर्षी जास्त पगारावर कोट्याच्या कंपनीत गेला. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. एचआरवाले हा खटला फार आवडीनं सांगतात. पण ते अर्धंच सांगतात. तिथं बंधन कराराच्या मुदतीपुरतं होतं. मुदत चालू असताना दुसरीकडे जाऊ नको, आणि कंपनीची गुपितं बाहेर नेऊ नको, एवढंच. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्नच तिथं नव्हता.

तो प्रश्न १९८० साली दिल्लीच्या एका शाखा व्यवस्थापकाच्या खटल्यात आला. कंपनीनं स्वतःच त्याला काढलं, त्यानं स्वतःचा तसाच व्यवसाय सुरू केला, आणि कंपनी दोन वर्षांच्या बंदीचं कलम नाचवत कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयात कंपनी हरली. दोन न्यायमूर्तींनी त्या कलमातल्या शब्दांवरच निकाल दिला. तिसरे न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी मात्र वेगळं निकालपत्र लिहून सांगितलं की नोकरी संपल्यानंतरचं बंधन वाजवी आहे की गैरवाजवी हे बघायचं कारणच नाही, कलम २७ खाली ते शून्यच.

"पण ते नोकर होते, तू कॉन्ट्रॅक्टर आहेस," असं भाचीला सांगण्यात आलंय. बरं. मग आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं बघू. तो काही कुणाचा नोकर नव्हता. २००० साली त्यानं एका मार्केटिंग कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आम्हाला विचारायचं, अशी त्यात अट होती. झहीर दुसरीकडे गेला. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलं की मुदतीनंतरचं हे बंधन कलम २७ मध्ये अडकतं, चालणार नाही. कलमात 'कर्मचारी' हा शब्दच नाही हो! 'कोणीही' असा शब्द आहे. त्यात झहीर खान येतो आणि माझी भाचीही येते.

खरं सांगायचं तर कंत्राटी माणसाच्या बाबतीत हे कलम जास्तच निर्लज्ज आहे. सुट्टी मागायला गेलं की "तू आमची कर्मचारी नाहीस." विम्याचं विचारलं की "ते फक्त कायम लोकांना." आणि जायला निघालं की "आमच्याशिवाय दोन वर्षं कुणाचीही व्हायचं नाही!" नांदवायचं नाही आणि काडीमोडही द्यायचा नाही, अशातली गत. ज्यानं उद्याच्या पगाराची हमी दिली नाही, त्याला माझ्या परवाच्या पगारावर हक्क सांगायचा अधिकार कुठून आला?

आता दुसरी बाजू. मला ती टाळायची नाही, कारण माझा एक मावसभाऊ स्वतः पंधरा माणसांची फर्म चालवतो आणि हे वाचून तो मला फोन करणार आहे हे नक्की. त्याचं म्हणणं असं, की आम्ही कोऱ्या पोरांना घेतो, शिकवतो, क्लायंटकडे बसवतो आणि सहा महिन्यांत क्लायंटच त्यांना पळवतो. आम्ही काय धर्मादाय संस्था आहोत का?

नाही, तू धर्मादाय संस्था नाहीस. पण तुझं नुकसान भरून काढायला रीतसर मार्ग आहेत. कंपनीची ड्रॉइंग्ज, सोर्स कोड, ग्राहकांची माहिती पेन ड्राइव्हवर टाकून नेणं ही चोरी आहे आणि गुप्ततेचं कलम नोकरीनंतरही लागू राहू शकतं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असशील तर त्याचा बाँड कर. मे २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या खटल्यात असा बाँड मान्य केला. तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायचे, अशी अट होती. पण नीट बघ, त्यात दुसऱ्या बँकेत जाऊ नको असं कुठंही नव्हतं. तो माणूस दुसऱ्या बँकेत गेलाच होता, प्रश्न फक्त पैशांचा होता. शिवाय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही. कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा.

आणि क्लायंट पळवतो असं म्हणतोस, तर क्लायंटशी करार कर ना! विप्रो आणि बेकमन कूल्टर या दोन कंपन्यांमध्ये एकमेकींची माणसं फोडायची नाहीत असा करार होता. दिल्ली उच्च न्यायालयानं २००६ साली तो कलम २७ च्या तावडीतून सोडवला. का, तर ते बंधन कंपनीवर होतं, कर्मचाऱ्यावर नव्हतं. भरपाई मागायची ती कंपनीकडे. म्हणजे दोन हत्तींचं भांडण हत्तींनीच मिटवायचं. पण प्रत्यक्षात काय होतं? क्लायंटशी भांडलं तर पुढची ऑर्डर जाते. म्हणून पस्तीस हजार पगाराच्या पोरीला दम द्यायचा, ते सोपं. (माझा एक हिशोबनीस मित्र म्हणतो, वसुली नेहमी उताराच्या बाजूनं होते.)

हे फक्त छोटे पुरवठादारच करतात असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं इन्फोसिसच्या ऑफर लेटरमधल्या सहा महिन्यांच्या अशाच कलमाविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. त्या कलमात प्रतिस्पर्धी कंपन्यांची नावंच दिली होती. कंपनीचं म्हणणं असं की अशी कलमं सगळीकडे प्रचलित आहेत. हे तर खरंच आहे, पण दुखणं नेमकं तेच आहे.

आणि इथंच माझा खरा राग आहे. कलम २७ कुणाला वाईट वाटतं म्हणून नव्हे. ते चांगलंच आहे. पण ते फक्त कोर्टात चांगलं आहे. हा कागद लिहिणाऱ्याला कोर्टात जायचंच नसतं. त्याच्याकडे कोर्टापेक्षा जवळची हत्यारं आहेत. रिलीव्हिंग लेटर अडवायचं. शेवटचा हिशोब लटकवायचा. नव्या कंपनीनं चौकशीला फोन केला की "तिच्या कॉन्ट्रॅक्टचा थोडा प्रॉब्लेम आहे" एवढं एक वाक्य बोलायचं. नवी कंपनी घाबरते, ऑफर थंड होते, पोरगी घरी बसते. कायद्यानं शून्य असलेल्या कागदाची किंमत अशी सात महिन्यांचा पगार होते. तो पगार भरणारा माणूस कोर्टात जाऊन काय मागणार? त्याला अडवणारा आदेश नाही, नोटीस नाही, काहीच नाही. फक्त भीती आहे, आणि भीती कोणत्याही न्यायालयात रद्द करून मिळत नाही.

चुकीचा कागद लिहिणाऱ्याचं मात्र काहीही जात नाही. जास्तीत जास्त काय होईल? शंभरात एखादा कोर्टात जाईल आणि ते कलम शून्य ठरेल. बाकीचे नव्व्याण्णव घाबरतील. मग कोण कशाला ते कलम काढेल? खोट्या नोटा छापणं गुन्हा आहे. न चालणारी धमकी स्टॅम्पपेपरवर छापणं मात्र 'स्टँडर्ड फॉरमॅट'!

आता त्या जुळ्या भावंडाकडे येतो. कॅलिफोर्नियातही १५० वर्षं हेच चाललं होतं. कलम शून्य, पण कागदावर कायम. शेवटी त्यांनी कायदा बदलला. १ जानेवारी २०२४ पासून तिथं असं शून्य कलम करारात घालणं हेच बेकायदेशीर ठरलं. शिवाय कंपन्यांना सांगितलं, की जानेवारी २०२२ नंतर तुमच्याकडे काम केलेल्या ज्या-ज्या माणसाकडून अशी सही घेतलीत, त्याला १४ फेब्रुवारी २०२४ पर्यंत वैयक्तिक पत्र लिहून कळवा की ते कलम शून्य आहे. व्हॅलेंटाइन डेला यापेक्षा चांगलं प्रेमपत्र कुणाला मिळालं नसेल.

(अमेरिकेत सगळीकडे असं नाही बरं का. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगानं देशभर बंदीचा नियम केला होता. टेक्सासच्या कोर्टानं त्याच ऑगस्टमध्ये तो रद्द केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगानंही नाद सोडला. जर्मनीत असं बंधन घालता येतं, पण जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि तेवढा काळ किमान निम्मं वेतन द्यावं लागतं. निदान घरी बसवायचे पैसे तरी मोजतात.)

आपल्याकडे यातलं काहीच अवघड नाही. नवं तत्त्व शोधायचं नाही, ते १८७२ पासून आहेच. त्याला फक्त दात हवेत. शून्य कलम लिहिणाऱ्याला दंड, त्या कलमाच्या नावाखाली रिलीव्हिंग लेटर अडवलं तर भरपाई, आणि जुन्या सह्यांबद्दल लेखी कबुली. एवढं केलं तरी ड्रॉवरमधल्या कितीतरी फाइली गप्प होतील.

असो. मी वकील नाही, आणि आकडे मोठे असतील किंवा नोटीस आलेली असेल तर सरळ चांगला वकील गाठा. पण भाचीला मी जे सांगितलं ते इथंही लिहून ठेवतो. कागद पूर्ण वाच. 'मुदतीत' आणि 'मुदतीनंतर' हे दोन शब्द वेगळे काढ, मुदतीतलं बंधन पाळावं लागतं. गुप्ततेचं कलम मान्य कर आणि मनापासून पाळ. मुदतीनंतरचं कलम काढून टाका असं ईमेलनं विचार, तोंडी नको. प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेव. आणि कुणी चहा मागवून फाइल उघडली, तर चहा पी आणि म्हण, "हे मला लेखी पाठवा."

तिनं दुसऱ्याच दिवशी ईमेल केला. संध्याकाळी व्हेंडरच्या एचआरबाईंचा फोन आला. "अगं, घाबरू नकोस, तो आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे. आम्ही ते कलम कधी वापरत नाही." भाचीनं विचारलं, "मॅडम, वापरत नाही तर ठेवता कशाला?" यावर बाई म्हणाल्या, "वरती विचारून सांगते."

आज बुधवार. वरून अजून उत्तर आलेलं नाही. शुक्रवारी काय होईल ते मला माहीत नाही. कदाचित तिला सही करावी लागेल, कारण पोरीच्या डोक्यावर फ्लॅटचं भाडं आहे आणि तिच्याकडे माझ्यासारखं फुकट बसायला आईबापाचं घर पुण्यात नाही. पण केली तरी ती माझ्यासारखी घाबरून करणार नाही. कागद काय आहे हे तिला माहीत आहे. तिच्या कागदावरचा स्टॅम्प पाचशेचा आहे, माझ्या वेळी शंभराचा होता. वीस वर्षांत या धमकीत एवढाच फरक पडलाय.

मंडळी, तुमच्यापैकी कुणी अशा कागदावर सही केली असेल, तर ड्रॉवर उघडून एकदा वाचा आणि मला कळवा.

आणि ताई, आईला मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसत नाही. तू तिला एवढं वाचून दाखव, की त्या वर्षी मला कामावरून काढलं नव्हतं.